स्पार्क प्लग वहीत काढून चालणार नाही

महोदय,

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख करून देण्याचे उद्दिष्ट होते. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभारांकडे शिकणेही त्यात आहे. हिंगणा, बुटीबोरीची एमआयडीसी आणि मिहान हा उद्योग प्रकल्प जवळ असलेल्या नागपुरात हे अवघड नसावे. पण नववीत ऑटोमोबाइल घेतलेली माझी मुलगी अजून वहीतच स्पार्क प्लग काढते! (‘मुलीला गॅरेज कशाला?’ हे नातेवाइकांचे वेगळेच.) यापुढे इलेक्ट्रिक गाड्या आणि सौर पॅनेलची दुरुस्ती शिकवावीच लागेल. प्रत्येक शाळेला वर्कशॉप परवडणार नसेल, तर आयटीआयची वर्कशॉप्स शनिवारी दुपारी शाळांसाठी उघडावीत. तिथवर जायला बसभाडे मात्र शासनाने द्यावे.

– एक पालक, नागपूर