तार्तूहून (एस्टोनिया) आई-बाबांना

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या गुडघ्याला उतार आहे का, ते आधी कळवा. माझी परीक्षा आटोपली, म्हणून रविवारी इथल्या टेकडीवरचं पडकं कॅथेड्रल निवांत बघून आले.

सगळं लाल विटांचं, तेराव्या शतकात बांधायला घेतलेलं. 1525 मध्ये प्रॉटेस्टंट जमावाने आत घुसून नासधूस केली. 1558 मध्ये रशियन सैन्याने शहर घेतलं आणि इथल्या शेवटच्या बिशपला धरून नेलं. 1624 च्या आगीत तर छपरासकट बरंच गेलं. सणाच्या शेकोटीची ठिणगी उडाली म्हणतात. पुढे याचं धान्याचं कोठार झालं. मनोऱ्यांचे वरचे मजलेही उतरवले, तोफा ठेवायला! एकदा वास्तूला वाली उरला नाही की कोणीही हात मारून घेतो.

1802 मध्ये विद्यापीठ पुन्हा सुरू झालं आणि ग्रंथालयाला जागा हवी होती. क्राउझे नावाच्या वास्तुरचनाकाराने अख्खं चर्च उभं करायच्या भानगडीत न पडता फक्त वेदीकडच्या भागात तीन मजली ग्रंथालय बांधलं. बाकीचं तसंच उघडं. पावणेदोनशे वर्षं पुस्तकं तिथे होती, आता विद्यापीठाचं संग्रहालय आहे. मी मधल्या भागात उभी होते: दोन्ही बाजूंना जाडजूड खांब, वर आभाळ, विटांच्या सांध्यांतून गवत, आणि समोर चक्क काचेच्या, नीट रंगवलेल्या खिडक्या.

जवळच बेअर या शास्त्रज्ञाचा पुतळा आहे. एप्रिलच्या शेवटच्या रात्री विद्यार्थी शॅम्पेनने त्याचे केस धुतात. बाबा, हसू नका, इथे ती परंपरा आहे.

आता मुद्द्याचं. गावच्या वाड्याबद्दल काका म्हणतात तसं ‘एकतर सगळा दुरुस्त करा, नाहीतर पाडा’, हे मला पटत नाही. मागचा सोपा गेलाच आहे, तो जाऊ दे. पण ओटी आणि माजघराच्या भिंती धडधाकट आहेत. तेवढ्यावरच नवे वासे आणि पत्रे घालायला काय खर्च येईल, ते गवंड्याला विचारून ठेवा. काकांच्या कागदावर तोवर सही करू नका. निम्मे पैसे मी पाठवीन.

शनिवारी तुमच्या रात्री आठला फोन करते, इथे तेव्हा साडेपाच असतात. आजीला नमस्कार.

तुमची,
मनू