सरांची कपाटं

टोकियो

प्रिय अव्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझं बीपी गोळीवर चालू.

सरांच्या थोरलीचा फोन आला होता. वाडा पाडायचा ठरलाय आणि दोघी बहिणी पुस्तकं निम्मी-निम्मी वाटून घेणार. धाकटी आपला वाटा विकणार, हेही थोरलीनंच सांगितलं. कपाटं फोडू नका म्हणून मी कळवळून सांगितलं. पण मग ठेवायची कुठे? एका विद्यापीठाला विचारलं, तर म्हणे या आवृत्त्या आमच्याकडे आहेत. असतील! समासातलं सरांचं पेन्सिलीतलं भांडण आहे का?

आणि योगायोग बघ, सरांच्या लाडक्या अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथचंही हेच झालं. 1790मध्ये तो गेला. जाण्याआधी हस्तलिखितं मित्रांकरवी जाळून घेतली, पण ग्रंथसंग्रह राहिला. तो नात्यातल्या डेव्हिड डग्लसकडे गेला आणि पुढे त्याच्या दोन मुलींत वाटला गेला. काही पुस्तकं एडिंबरोच्या न्यू कॉलेजात, काही बेलफास्टला, काही विकली गेली. तीनशेच्या आसपास इथे टोकियो विद्यापीठात आहेत. इनाझो नितोबे या जपानी विद्वानांनी ती 1920मध्ये लंडनला विकत घेऊन नव्याकोऱ्या अर्थशास्त्र विभागाला देऊन टाकली. 1923च्या भूकंपानंतरच्या आगीत विद्यापीठाचं ग्रंथालय जळालं. आपल्या ऋग्वेदवाल्या मॅक्स म्युलरचा संग्रह त्यात खाक झाला, स्मिथ वाचला. 'बघ, बाजार तगतो,' असं तू म्हणणारच. म्हण. कॅन्टीनपासून तेच ऐकतोय. सरांनी वैतागून तुला स्मिथचंच 'थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' वाचायला दिलं होतं, ते परत केलंस का? बाजार सांभाळणारा स्मिथचा तो 'अदृश्य हात' सरांच्या कपाटावर पडला, तो तुझाच.

तर मुद्दा असा. जेम्स बोनार नावाच्या अभ्यासकानं 1894मध्ये स्मिथच्या पुस्तकांची यादी छापली, म्हणून तो काय काय बाळगून होता ते आज निदान कागदावर एकत्र दिसतं. वाटणी आपण थांबवू शकत नाही, त्या दोघींचा हक्कच आहे तो. यादी तरी करू. तू पुण्यात आहेस, मी इथून नुसता चरफडतोय. मुखपृष्ठांचे फोटो काढ, समासात लिहिलेली पानं सगळी काढ. टंकायचं काम माझं.

चिनूची अ‍ॅडमिशन झाली ना? नवं ऑफिस कसं आहे? वहिनींना नमस्कार.

शनिवारीच जा, पण चारनंतर. थोरली दुपारी झोपते आणि उठवलं की फार चिडते.

तुझा,
बंड्या