वरची बाजू वरच

वर्सोवा, मुंबई
९ एप्रिल

प्रिय सुमे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस.

अगं, मी कासवाच्या घरट्यात हात घातला! ऑलिव्ह रिडले जातीच्या मादीचा ताजा माग भरतीच्या रेषेवरून वर गेला होता आणि वळून परत समुद्राकडे. गावातल्या दादांनी काठीने वाळू चाचपली. एके ठिकाणी काठी सहज आत गेली. "आता हाताने उकर," म्हणाले. चंबूसारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट गोल, दीडएक फूट खोल. मी वाळूवर पालथी पडून कोपराच्या वरपर्यंत हात आत घातला आणि बोटांना अंडं लागलं. टेबलटेनिसच्या चेंडूएवढं, पण मऊ, दाबलं तर खळगा पडेल असं. एकशे आठ निघाली. दादा एकच सांगत होते, "वरची बाजू वरच राहू दे." घातल्यावर काही तासांतच गर्भ आतल्या पटलाला वरच्या बाजूने चिकटतो; नंतर अंडं उलटलं तर तो मरू शकतो. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते गं, पण त्या पहाटे माझा हात थरथरत होता.

अंडी हॅचरीत, म्हणजे पिल्लं निघेपर्यंत अंडी सुरक्षित ठेवायच्या कुंपणात, तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरली. आता पन्नासएक दिवस. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. वाळू तापली की माद्या जास्त, थंड राहिली की नर. तापमान वहीत लिहिताना एकेका अंशाची धास्ती वाटायची. उन्हाळे असेच वाढत गेले तर नर येणार कुठून?

इथे वर्सोव्याला मार्च २०१८ मध्ये पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली होती, आठवतं? परवा रात्री मुद्दाम किनाऱ्यावर बसले. पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात आणि आपल्याकडे तर समुद्रापेक्षा इमारतीच उजळ. कोळीवाड्यातले आमचे तांडेलकाका म्हणाले, कासव जाळ्यात आलं तर ते जाळं कापून सोडतात. कापलेल्या जाळ्याची भरपाई आता सरकारकडून मिळते, २५ हजारांपर्यंत. पण काका त्याआधीपासून सोडत आलेत. त्यांच्या वडिलांनी तसंच शिकवलं होतं.

पुढच्या महिन्यात पिल्लं निघतील तेव्हा मी पुन्हा वेळासला जाणार आहे. तू पुण्याहून ये, आपण महाडला भेटू. टॉर्च आणू नकोस.

तुझी,
मीनल