दवाखाना पुलापलीकडे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

"राहता फ्रान्समध्ये आणि बाळंतपण स्पेनमध्ये, हे कसं काय?" असं बाबांनी परवा विचारलं. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. प्राजक्ताची तब्येत छान आहे.

आमचं बूर्ग-मादाम अगदी सरहद्दीवर. छोटा पूल ओलांडला की स्पेन, आणि समोरच्या टेकडीवर पुचसर्दा. तिथलं सर्दान्या खोऱ्याचं रुग्णालय दोन्ही देश मिळून चालवतात. ते 2014 मध्ये सुरू झालं. 60 टक्के वाटा स्पेनमधल्या कातालोनिया प्रांताचा, 40 टक्के फ्रान्सचा. त्याआधी फ्रान्सच्या बाजूच्या लोकांना पर्पिन्याँ शहर गाठावं लागे. सुमारे 100 किलोमीटर, घाटरस्ता, आणि हिवाळ्यात बर्फ. कळा सुरू झालेल्या बाईला त्या रस्त्यानं नेणं म्हणजे काय, हे आई, तुला सांगायला नको.

खरं तर हे खोरं एकच. 1659 च्या पिरेनीजच्या तहानं त्याचे दोन भाग झाले आणि 33 खेडी फ्रान्सकडे गेली. लिव्हिया मात्र खेडं नव्हे, नगर, म्हणून ते स्पेनकडेच राहिलं. आजही त्याच्या चहूबाजूंनी फ्रान्स आहे! (बाबा, नकाशात जरूर बघा.) कातालान भाषा मात्र अजून दोन्हीकडे ऐकू येते.

मला सगळ्यात कौतुक वाटतं ते कागदपत्रांच्या कामाचं. दोन्हीकडचे विम्याचे नियम वेगळे, डॉक्टरांच्या नोंदणीचे वेगळे, पैशांचा हिशेबही वेगळा. कुणीतरी चिकाटीनं बसून हे एकेक जुळवून आणलं, म्हणून आज आम्ही निर्धास्त आहोत. मागच्या तपासणीला खिडकीवर प्राजक्तानं आपलं फ्रान्सचं विम्याचं कार्ड दिलं आणि लगेच आत बोलावणं आलं. नर्सबाईंनी तिला फ्रेंचमध्ये कुशीवर वळायला सांगितलं, बाळाचे ठोके ऐकवले आणि मान वळवून सोबतच्या बाईंना कातालानमध्ये आकडे लिहायला सांगितले. ते ठोके ऐकताना माझे डोळे भरून आले.

आई, तुझा शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो, तेव्हा बाळंतपणाला दवाखान्यात तू सोबत राहू शकशील. पासपोर्ट तेवढा पर्समध्ये ठेव. गरम कपडे भरपूर आण, इथे उंचीमुळे रात्री फार गारठा पडतो.

तुमचा,
समीर