सौदीशी बोलताना आमच्या ड्रायव्हरांची परतवाटही लिहून घ्या

माननीय परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

17 सप्टेंबर 2025 रोजी सौदी अरेबियाने पाकिस्तानशी संरक्षण करार केला आणि एकावरचे आक्रमण दोघांवरचे मानले जाईल असे जाहीर केले, तेव्हापासून सौदी आपला मित्र उरला का, हीच चर्चा ऐकू येते. त्यांचे तेल आपल्याला हवे आहे, आपली बाजारपेठ त्यांना. 2010 च्या रियाध घोषणापत्रापासून धोरणात्मक भागीदारी आहे आणि ती टिकेल असेच मला वाटते. मात्र लोकशाही आणि राजेशाहीच्या या मैत्रीत सामान्य माणसाचे म्हणणे कुठवर पोहोचते, हा आमच्या मुंब्रा-कौशातल्या घराघरांचा प्रश्न आहे.

आम्ही मूळचे राजापूर तालुक्यातले. तिथे नाणारला सौदी अरामको या सौदीच्या सरकारी तेल कंपनीच्या भागीदारीत सहा कोटी टनांची रिफायनरी व्हायची होती. 2018 मध्ये करार झाला, गावकऱ्यांनी विरोध केला आणि 2019 मध्ये राज्य सरकारला भूसंपादनाची अधिसूचना रद्द करावी लागली. प्रकल्प चांगला की वाईट, हा वाद वेगळा. ज्यांच्या आंब्याच्या बागा जाणार होत्या, त्यांना ‘नाही’ म्हणता आले.

त्याच तालुक्यातला माझा थोरला भाऊ रियाधमध्ये एका कुटुंबाकडे हाऊस ड्रायव्हर होता. 2022 च्या नोव्हेंबरात आई गेली. त्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता आणि सौदीबाहेर पडण्यासाठी लागणारा व्हिसा मालकाच्या मर्जीवर. दफनाच्या वेळी मी मोबाइल कबरीशेजारी धरला होता. पलीकडून गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती, कारण मालकाची मुले शाळेतून आणायची ती वेळ होती. तो घरी पोहोचला तोवर आईचा चाळिसावा उलटून गेला होता.

मार्च 2021 च्या सौदी कामगार सुधारणेने अनेकांना मालकाच्या संमतीवाचून देशाबाहेर जाण्याची मुभा दिली, पण घरकामगार, ड्रायव्हर, माळी आणि शेतमजूर त्यातून वगळले गेले. नियम तेव्हापासून बदलत आहेत, सुधारणा होत असेल तर आनंदच आहे. परंतु जिथे निवडून आलेली संसद नाही, तिथे फर्मानाने मिळालेली सवलत फर्मानानेच काढून घेता येते. म्हणून ती दोन देशांच्या करारात बांधून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

घरकामगारांविषयीचा करार आपण जानेवारी 2014 मध्ये केलाच आहे. धोरणात्मक भागीदारी परिषदेच्या पुढच्या बैठकीत त्यात दोन कलमे घालून घ्यावीत: पासपोर्ट कामगाराच्याच हाती राहील, आणि घरात मृत्यू झाल्यास भारतीय दूतावासाच्या पत्रावर ठरलेल्या मुदतीत त्याला सुट्टी व व्हिसा मिळेल. तेलाच्या दरावर जेवढ्या चिकाटीने बोलणी होतात, तेवढीच चिकाटी इथेही दिसावी, आणि काय ठरले ते संसदेत सांगावे.

माझा पुतण्या याच कामासाठी रियाधला निघाला आहे. तो जाण्याआधी आपले उत्तर यावे, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
कौसा, मुंब्रा येथील एक नागरिक