पाचवं ताट

ॲनाहाइम, कॅलिफोर्निया
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

प्रिय संज्या,

इथल्या थीम पार्कांतल्या भुतांच्या घरांतही नेपथ्य आणि गोष्ट असते असं मी परवा फोनवर म्हणालो, तर तू मला पार उडवून लावलंस. "काळे पडदे, धूर आणि मागून 'भॉक' करणारी पोरं. यात नेपथ्य कसलं आणि गोष्ट कसली?" घरात पाहुणे होते म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता ऐक.

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, पण इथल्या थीम पार्कांत भुतांचा मोसम सप्टेंबरातच सुरू होतो. रात्रीचं तिकीट वेगळं. या भुतांच्या घरांना मेझ, म्हणजे भूलभुलैया, म्हणत असले तरी आत वाट चुकायची सोय नसते. एकच वळणावळणाची वाट, या खोलीतून त्या खोलीत, आणि पाचएक मिनिटांत बाहेर. तुझ्या नाटकात प्रेक्षक बसतो आणि प्रवेश बदलतात. इथे प्रवेश जागच्या जागी उभे, चालायचं प्रेक्षकाने. संवादांचा काही उपयोग नाही. गोंगाटात ऐकू येत नाहीत, आणि कोण कुठल्या क्षणी खोलीत शिरेल याचा भरवसा नाही. म्हणून गोष्ट सांगायची ती सामानातून.

एका मेझची पहिली खोली जेवणघराची होती. टेबलावर पाच ताटं, निळ्या काठाची. चारांत उष्टं, पाचवं कोरं. भूत नाही, किंकाळी नाही. बहुतेक जण इकडेतिकडे भुतं शोधत पुढे गेले. पुढे तीन-चार खोल्यांत नेहमीचा आरडाओरडा झाला आणि मग तळघराचा जिना आला. खाली बाहेरून कडी घातलेलं दार, दाराच्या तळाशी एक फट, आणि फटीपाशी तसंच निळ्या काठाचं ताट. चाटूनपुसून लख्ख केलेलं. त्या दारामागून कोणीही बाहेर आलं नाही. मला त्या अख्ख्या मेझमध्ये घाबरवलं ते त्या ताटाने. आता सांग, हे नेपथ्य नाही तर काय?

अर्थात, असं लक्ष देऊन बघायला वेळ मिळाला तर. या धंद्यात गोष्टीचा खरा वैरी म्हणजे गर्दी. डिस्नेलँडचा हॉन्टेड मॅन्शन, म्हणजे भुतांचा वाडा, १९६९ साली उघडला. तो मुळात लोकांनी चालत बघायचा असंच ठरत होतं, पण तासाला इतकी माणसं पुढे सरकणार कशी, या हिशेबापुढे ते बारगळलं आणि गाड्या आल्या. त्यातून एक फायदाही झाला. गाडी वळते तिकडे तुझी मान वळते, म्हणजे काय दिसावं आणि काय नाही हे दिग्दर्शकाच्या हातात. तो रचणाऱ्यांपैकी क्लॉड कोट्स वातावरणाचा माणूस आणि मार्क डेव्हिस गमतीचा, दोघांची छाप त्यात सरळ दिसते. आधी रिकामे, भकास दालन आणि लांबच लांब बोळ, आणि शेवटी स्मशानात भुतांचा जलसा. सुरुवातीची ती उंच होत जाणारी खोली तर खरी लिफ्ट आहे. पार्कभोवतीच्या रेल्वेच्या रुळांखालून पलीकडे जायचंय म्हणून माणसांना खाली उतरवतात, आणि माणसं समजतात भिंती ताणल्या जातायत. अडचणीचाच प्रवेश करून टाकला लेकांनी!

चालायच्या मेझमध्ये मान वळवायला गाडी नाही. मग लबाडी करावी लागते. डावीकडे प्रकाशात एक भयंकर पुतळा ठेवायचा आणि माणूस उजवीकडच्या काळ्या पडद्याआडून काढायचा. किंवा तीन पुतळे सारखेच उभे करायचे, त्यातला एक जिवंत. भुतं करणाऱ्या पोरांच्या हाताशी किंवा पायाशी बटण असतं. ते दाबलं की दिवा आणि आवाज त्यांच्या उडीबरोबर येतो. आणखी एक नियम मला फार आवडला. घाबरवायचं ते शक्यतो बाजूने नाहीतर मागून. समोरून घाबरवलंस तर माणूस थिजतो आणि मागे तुंबतं. बाजूने घाबरवलंस तर तो पुढे पळतो. भीती आणि वाहतूक दोन्ही एकाच उडीत!

पण माणसांची रांग मध्ये खंड न पडता सलग चालली की सगळं फुकट. पुढचा किंचाळला की तुला कळतंच कुठून काय येणार ते, आणि तू पोचेस्तोवर भूत परत पडद्याआड गेलेलं असतं.

प्रत्येक खोलीत बाहेर जायच्या दाराचा दिवा पेटता असतो. डोळ्यांना खुपतो, पण त्याबद्दल तक्रार करणार नाही. १९८४ च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या थीम पार्कात हॉन्टेड कॅसल नावाच्या भुतांच्या घराला आग लागून आठ कोवळी पोरं गेली. आत आग विझवायचे पाण्याचे फवारे नव्हते. त्यानंतर अशा जागांचे आगीचे नियम कडक झाले. तू पडद्यांबाबत किती काटेकोर आहेस ते मला माहीत आहे, म्हणून सांगितलं.

गाजलेल्या सिनेमांवरचे मेझ मला कोरडे वाटतात. सिनेमा बघितलेला असेल तर ओळखीचे प्रसंग ओळीने भेटतात. नसेल तर रक्ताने माखलेल्या खोल्या, बस्स. युनिव्हर्सल हॉलीवुडने २०११ साली मेक्सिकोच्या ला योरोनावर मेझ केला. स्वतःची मुलं बुडवून मग त्यांना शोधत रडत फिरणारी बाई. लॉस एंजेलिसात कितीतरी घरांतल्या आज्यांनी तिची गोष्ट सांगितलेली, त्यामुळे गोष्ट समजावत बसायला नको. प्रेक्षक ती घरूनच घेऊन येतो.

आमच्या शेजारच्या बुएना पार्क गावातलं नॉट्स बेरी फार्म हे थीम पार्क यात सगळ्यांत जुनं. १९७३ पासून तिथे हॅलोविन होतो. मजा म्हणजे तिथलं घोस्ट टाउन भुतांसाठी नव्हतंच. कॉर्डेलिया नॉटबाईंच्या हातच्या कोंबडीच्या जेवणासाठी ही मोठी रांग लागायची, म्हणून त्यांचा नवरा वॉल्टर नॉट याने १९४० मध्ये थांबलेल्या गिऱ्हाइकांना रमवायला ओसाड खाणगाव उभं करायला घेतलं. आता ऑक्टोबरात त्याच गल्ल्यांत धूर सोडतात आणि गुडघ्यांना, हातमोज्यांना धातू लावलेली पोरं धावत येऊन ठिणग्या उडवत थेट तुझ्या पायाशी घसरत येतात. रांगेसाठी बांधलेलं गाव, म्हणून तिथे गर्दी उपरी वाटत नाही.

तिथेच मला तुझी आजी आठवली. सावंतवाडीला ती चकव्याची गोष्ट सांगायची ना? रात्रभर चालायचं आणि पुन्हा त्याच आंब्याखाली. चकव्यावर मेझ कर. कोकणातलं घर घे: पडवी, माजघर, मागलं दार, विहीर, आणि पुढे परत तीच पडवी. पहिल्यांदा पायरीशी वहाणांचा एक जोड. दुसऱ्यांदा चार. तिसऱ्यांदा ढीग, त्यात आजकालचे स्नीकर्ससुद्धा. पुढे चालणारी माणसं इथे गोष्ट बिघडवत नाहीत, उलट तीही तुझ्यासारखीच अडकलेली दिसतात. शेवटची पडवी रिकामी ठेव. तिथे कोणी उडी मारायची नाही, कितीही मोह झाला तरी.

जागा दुप्पट-तिप्पट लागेल, ते कळतंय मला. पण तीन पडव्यांची मापं एकच, म्हणजे सांगाडे सारखे निघतील. नकाशा काढून पाठव, आणि विहीर कुठे बसवायची ते तूच ठरव. मला ती माजघराच्या फार जवळ वाटतेय.

काकूंना नमस्कार.

तुझा,
नंदू