बाई, स्वतःला गुण देणं तुम्ही थांबवायला शिकवलंत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

राजारामपुरीतल्या तुमच्या त्या लहानशा खोलीत तुम्ही मला हाताखाली घेतलंत, त्याबद्दल नीट आभार मानायचे राहूनच गेले. आज सगळ्यांसमोर मानते, कारण तुम्ही दिलेलं माझ्यापुरतं ठेवायचं नाही.

समुपदेशनाचं काम नवीन होतं तेव्हा एखादी व्यक्ती यायची बंद झाली की मनात एकच वाक्य उमटायचं, ‘या खुर्चीत बसायची माझी लायकी नाही.’ तो विचार आहे असं वाटायचंच नाही. सूर्य पूर्वेला उगवतो तितकं ते खरं वाटायचं.

तुम्ही मला धीर दिला नाहीत, ‘तू हुशार आहेस गं’ असंही म्हणाला नाहीत. वही पुढे केलीत. काय घडलं, तेव्हा डोक्यात काय आलं, त्यावर किती टक्के विश्वास बसतो, बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय. आरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात विचार तपासून बघण्याच्या ज्या उपचारपद्धतीचा पाया घातला, तिच्यातलं हे साधं काम. परीक्षेत मी त्यावर पानंच्या पानं लिहिली होती, पण स्वतःच्या वाक्यावर ते कधी चालवलं नव्हतं. घडलं होतं एवढंच, की एक बाई यायच्या थांबल्या. त्याला एसटीचं भाडं, घरातला विरोध, किंवा बरं वाटू लागणं, काहीही कारण असू शकत होतं. माझा नव्वद टक्के विश्वास साठवर आला आणि मी हिरमुसले, मला शून्य हवं होतं. तुम्ही म्हणालात, “साठ पुष्कळ झालं. साठवर माणूस उठून कामाला लागतो.” आजही कुणी माझ्यासमोर बसून लगेच सकारात्मक व्हायला धडपडतं, तेव्हा मी हेच सांगते.

पण तुमचं खरं देणं त्याच्याही पुढचं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस म्हणायचे, कृतीचं मोजमाप करा, अख्ख्या माणसाचं करू नका. तुम्ही ते कोल्हापुरी करून सांगितलंत: खासबागेत निकाल कुस्तीचा लागतो, पैलवानाचा नाही. तोवर मला वाटायचं, आत्मसन्मान वाढवणं म्हणजे स्वतःला जास्त गुण द्यायला शिकणं. पण यशावर मिळालेले गुण अपयश आलं की जातात, आणि माणूस पुन्हा तिथंच. गुण देणंच सोडायचं, हे पटायला मला फार वेळ लागला. अजूनही काही दिवशी ते नव्यानं पटवून घ्यावं लागतं.

स्पर्धा परीक्षेत पुन्हा पुन्हा अडकलेली मुलं येतात. “मी वाया गेलोय” म्हणतात. हे पहिल्यांदा कोण म्हणालं, असं विचारलं की बहुतेकदा घरातल्याच कुणाचा तरी आवाज निघतो. ते ऐकलं की मुलं गप्प होतात, आणि मला तुमची आठवण येते.

आणखी एक गोष्ट तुम्ही बजावली होती, ती मी सर्वांत जास्त जपते. घरात मार खाणारी बाई “मला भीती वाटते” म्हणते, तेव्हा तिचा विचार चुकीचा नसतो. तिथं वही उघडायची नाही, आधी तिची सुरक्षितता बघायची. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तेव्हापासून माझ्या टेबलावर चिकटवलेला आहे. आता शेजारी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ सुद्धा आहे. गावाकडून येणं जमत नाही त्यांना तो लिहून देते, मोफत आहे हेही सांगते.

बाई, हल्ली माझ्या हाताखालीही मुली शिकायला येतात. कुणीतरी यायचं थांबलं की त्यांचेही चेहरे उतरतात. त्यांना तुम्हाला भेटायचंय. गुडघे दुखतात म्हणून जिना चढू नका, आम्हीच घरी येतो. कधी येऊ ते तेवढं कळवा.

तुमची विद्यार्थिनी